चॅन्ट्स ऑफ सेनार: भाषा उलगडायचा खेळ आणि त्या वहीशी माझं भांडण

अनवट

कोडी-खेळांवर इथे धागे बरेच आहेत, पण भाषा हेच कोडं असलेल्या खेळांवर एकही सापडला नाही, म्हणून काढतोय. विषय 'चॅन्ट्स ऑफ सेनार' हा व्हिडिओ गेम. शेवट फोडणार नाही. मधल्या मजल्यांवरच्या गोष्टी मात्र येतील. अगदी कोरं राहून खेळायचं असेल तर इथूनच मागे फिरा, नंतर शिव्या घालू नका.

खेळ फ्रान्समधल्या तुलूझच्या रनडिस्क या छोट्या स्टुडिओचा, सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला. आधार बायबलमधल्या बाबेलच्या बुरुजाच्या गोष्टीचा आहे. माणसं आभाळाला भिडणारा बुरूज बांधायला निघाली, देवाने त्यांच्या भाषा वेगवेगळ्या केल्या आणि काम बंद पडलं, ती गोष्ट. इथे बुरूज उभा आहे, पण मजल्यामजल्यावर वेगळी जमात राहते. खाली भक्त, त्यांच्यावर योद्धे, मग कलावंत, मग किमयागार, आणि त्याच्याही वर आणखी कुणीतरी. प्रत्येकाची भाषा वेगळी, लिपी वेगळी, आणि शेजाऱ्यांशी बोलणं बंद. तुम्ही एक अनोळखी प्रवासी. तळाशी जागे होता आणि वर चढत जाता.

सुरुवातीलाच एक दार आणि एक खटका. खटक्यापाशी दोन-तीन खुणा कोरलेल्या. खटका एकीकडे ढकलला की दार उघडतं, दुसरीकडे ढकलला की मिटतं. बस्स, पहिला धडा झाला. कुणी काही समजावत नाही, बाण दाखवत नाही. पुढे एक माणूस भेटतो, हात हलवतो आणि काही खुणा बोलतो, तेव्हा पहिली खूण नमस्काराचीच असणार हे आपोआप कळतं. एक पोरगी लपाछपी खेळायला बोलावते आणि त्या खेळातून 'मी', 'तू', 'शोधणे' हाताला लागतात. हे इतकं सफाईने केलंय की आपण शिकतोय याचा पत्ताच लागत नाही.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: कुठल्याही खुणेखाली तुम्ही तुमचा अंदाज टंकू शकता, आणि मग ती खूण जिथे जिथे येईल तिथे वाक्यावर तो अंदाज दिसत राहतो. समजा एका खुणेला तुम्ही 'पाणी' म्हणालात. तीन खोल्या पुढे एक म्हातारा बोलतो, 'तू पाणी दार'. हं, काहीतरी बिनसलंय. मग मागचं सगळं आठवायचं, ती खूण कुठे कुठे दिसली होती, त्या वेळी समोर काय होतं. खेळ चूक म्हणत नाही, वाक्यच तुमच्याकडे संशयाने बघतं. याहून चांगला परीक्षक मी कुठल्याही खेळात पाहिलेला नाही.

व्याकरणही फुकट घातलेलं नाही. भक्तांच्या भाषेत अनेकवचन करायचं तर खूण दोनदा लिहायची. (आपल्याला यात नवल वाटायला नको, 'घरोघर', 'गावोगाव' म्हणणारी माणसं आपण.) योद्ध्यांकडे अनेकवचनाची वेगळी खूण, ती नामाच्या आधी. कलावंत तर वाक्याचा क्रमच फिरवतात. आधी कर्म, मग कर्ता, शेवटी क्रियापद. परदेशी खेळाडूंनी या जागी फार डोकं धरलेलं वाचलं. मला दोन वाक्यांत सरावलं, कारण 'आंबा मी खाल्ला, साल त्याने टाकली' असं आपण रोजच बोलतो.

खालच्यांना वरचे काय म्हणतात हेही त्या खुणांतूनच कळत जातं. योद्ध्यांच्या भाषेत भक्तांसाठी जी खूण आहे तिचा अर्थ 'अपवित्र'. वरच्या मजल्यावरचे म्हणजे त्यांच्या लेखी 'निवडलेले', त्यांचं रक्षण हाच यांचा धर्म. वर गेल्यावर त्या 'निवडलेल्यां'ना यांची किती पर्वा आहे ते दिसतं. जातपात वेगळी समजावून सांगावी लागत नाही, कोशातच आहे.

आता भांडण.

प्रवाशाकडे एक वही असते. अधूनमधून तिच्या पानांवर चित्रं उमटतात, एक दार, एक माणूस, एक झाड वगैरे. प्रत्येक चित्रासमोर योग्य खूण ठेवायची. पानावरच्या सगळ्या खुणा बरोबर बसल्या की शिक्का बसतो, अर्थ कायम होतात. सोय म्हणून छान. पण मजल्याच्या मध्यापर्यंत आलं की माझं लक्ष माणसांच्या बोलण्यावरून उडून पानावर जातं. तीन चित्रं, तीन खुणा, दोन ठाऊक आहेत, तिसरी उरली. बसली! ती मी वाचलेली नसते, उरली म्हणून मिळालेली असते. आणि कंटाळा आला तर अदलाबदल करत बसलं तरी चालतं, दंड काहीच नाही.

त्याहून वाईट म्हणजे शिक्का बसल्यावर माझा शब्द जातो आणि खेळाचा अधिकृत शब्द येतो. मी ज्याला मनात 'बुवा' म्हणत होतो, तो एकदम कोशातला सभ्य भक्त होतो. ज्या क्षणी शंका संपते त्या क्षणी त्या भाषेतला माझा रसही निम्मा होतो. हे फक्त माझं होतंय का?

दुसरी तक्रार योद्ध्यांच्या किल्ल्यातल्या लपतछपत जाण्याची. पहारेकऱ्याची पाठ फिरली की पुढच्या कोनाड्यात पळा. पकडलं की परत मागे. लिपीशी त्याचा काडीचा संबंध नाही. तिसरी, चालणं. एखादी पाटी पुन्हा बघायची तर सगळं अंतर पायी तुडवा. प्रवाशाला पाट्या वहीत उतरवून घेता आल्या असत्या तर काय बिघडत होतं?

चित्रं आणि संगीत याबद्दल बोलत नाही. बघाच.

---

रेवदंडा_लोकल

लपाछपीच्या मुद्द्याला +१००. कोनाड्यात उभं राहून मी फोनवर मेल वाचले. बाकी खेळ लय भारी.

---

मोडीची_वाट

छान लिहिलंय, पण वहीवर अन्याय करताय असं वाटतं.

मी दप्तरातले मोडी कागद वाचते, त्यामुळे 'न कळणारं लिखाण' हा रोजचाच विषय. लोक 'लिपी उलगडणे' हा एकच प्रकार समजतात, पण त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मोडीत भाषा माहीत असते, लिपीही माहीत असते, फक्त हात वाईट असतो. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतलेली, शब्द एकमेकांना चिकटलेले, ह्रस्व-दीर्घाचा पत्ता नाही. एकदा सराव झाला की त्या कारकुनाची लकब कळते आणि कागद बोलायला लागतो.

दुसरा प्रकार ब्राह्मीचा. लिपी विसरलेली, पण आतली भाषा प्राकृत, म्हणजे अंदाजाने पोहोचता येईल अशी. टाकसाळीतला इंग्रज अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने १८३७ मध्ये काय केलं ते बघा. सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या लेखांचे ठसे त्याच्यापुढे होते. जवळजवळ सगळ्यांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी आणि एका टिंबाने. देवळाच्या कठड्यावर इतके छोटे लेख कोण कोरतं? देणगीदार. मग शेवटचा शब्द 'दानं'. तिथून द आणि न मिळाले आणि गाडी सुटली. आपल्या कार्ल्याला, जुन्नरला जाऊन बघा, हाच प्रकार. खांबावर नाव, गाव आणि शेवटी 'दानं' किंवा 'देयधम' (धर्मासाठी दिलेलं दान). कार्ल्याला तर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची (त्या काळी ग्रीकांना म्हणत) नावं आहेत खांबांवर.

तिसरा प्रकार सिंधू लिपीचा. लिपी माहीत नाही, भाषा कोणती ते माहीत नाही, दोन लिप्यांत लिहिलेला एकही मजकूर हाती नाही, आणि लेख इतके तोकडे की सरासरी पाचेक खुणा. इरावतम महादेवनांनी १९७७ मध्ये खुणांची अख्खी सूची छापली, तरी वाचन आजही नाही.

तुमचा खेळ कागदोपत्री या तिसऱ्या प्रकारातला आहे. भाषाही नवी, लिपीही नवी. तो सुटतो कारण माणसं समोर जिवंत आहेत, हात हलवतात, दार दाखवतात. आणि वही शिक्का मारते. शिक्का काढा आणि मग बघा किती जण दुसरा मजला गाठतात. शंका मलाही आवडते, पण त्या शंकेचे मला पगार मिळतात. रात्री जेवून खेळायला बसणाऱ्याला त्या शंकेत का रस असावा?

---

अनवट

@मोडीची_वाट, दंडवत. 'कागद बोलायला लागतो' याच क्षणासाठी तर मी खेळत होतो.

पण प्रिन्सेपच्या गोष्टीतच माझं उत्तर आहे ना! त्याच्याकडे वही नव्हती. 'दानं' बरोबर आहे हे त्याला कुणी शिक्का मारून सांगितलं नाही. तेच अर्थ लावून पुढचे लेख वाचले, ते अर्थपूर्ण निघाले, म्हणून ते बरोबर. वाक्यावर अंदाज दिसत राहण्याची सोय खेळाने मला दिली होतीच, म्हणजे हीच पद्धत हातात होती. मग वर शिक्का कशाला? ज्याला हवा त्याने मागून घ्यावा, एवढंच म्हणणं आहे.

---

ऱ्हाईनकाठची

शिक्का नसलेला खेळ हवा असेल तर 'हेवन्स व्हॉल्ट' खेळा. केंब्रिजच्या इंकल स्टुडिओचा, एप्रिल २०१९. आलिया नावाची पुरातत्त्वज्ञ आणि तिचा यंत्रमानव सिक्स. तेजोमेघातल्या नद्यांवरून होडी हाकत एका हरवलेल्या संशोधकाच्या मागावर जायचं आणि वाटेत मिळतील ते प्राचीन लेख वाचायचे. भाषा एकच, पण काय भाषा आहे! लहान घटक जोडून शब्द बनतात, त्यामुळे पुढे पुढे नवा शब्दही न शिकता फोडता येतो. लिखाणात शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, म्हणजे मोडीवाल्या ताईंना घरच्यासारखं वाटेल.

आणि मुख्य म्हणजे खेळ लगेच सांगत नाही. तुम्ही दिलेल्या पर्यायांतून अर्थ निवडता, आलिया तो अर्थ धरून चालते, त्यावर इतरांशी बोलते, निष्कर्ष काढते. चुकीचा असला तरी. तोच शब्द आणखी काही लेखांत येऊन गेला की ती म्हणते की आता खात्री झाली, किंवा हे जमत नाहीये. माझा एक अर्थ बराच काळ उलटा होता आणि एका थडग्याला मी देऊळ समजून गोष्ट पुढे नेली. गोष्ट तरीही उभी राहिली, फक्त वेगळी. एकदा संपवून पुन्हा सुरू केला तर जमवलेला कोश तुमच्याबरोबर येतो आणि लेख लांब होतात. ही युक्ती मला दुसऱ्या कुठल्या खेळात दिसली नाही.

आता वाईट बाजू. होडी. किती वल्हवायचं माणसाने? दृश्य पहिल्या दिवशी सुंदर, नंतर फक्त लांब. आलिया चालते इतकी सावकाश की मी टेबलावरचा पसारा आवरला.

---

रेवदंडा_लोकल

म्हणजे एकात कोनाडा, दुसऱ्यात होडी. भाषेचा खेळ करणाऱ्यांना खेळाडूचे पाय दुखवल्याशिवाय चैन पडत नाही बहुतेक.

---

ठोकळेबाज

किल्ल्याची बाजू घेणारा मी एकटाच दिसतोय, तरी घेतो.

भक्तांच्या मजल्यावर सगळे प्रेमळ. दार उघडून देतात, लपाछपी खेळतात. तिथून वर आल्याबरोबर तुम्ही 'अपवित्र' होता आणि दिसलात की धरले जाता. हे वाक्यात सांगण्याऐवजी अंगावर आणलंय. पहारेकरी पाठमोरे असताना आपसात काय बोलतात ते आपण कोनाड्यातून ऐकतो, आणि ते पूर्ण कळत नाही, हीच भीती आहे. पुढे चिलखत चढवून त्यांच्यातलाच एक होऊन फिरायला मिळतं तेव्हा जे वाटतं, ते आधीची धावपळ नसती तर वाटलंच नसतं. लांबी जास्त आहे, मान्य. कापून निम्मी केली असती तर कुणी तक्रार केली नसती.

---

अनवट

@ठोकळेबाज, चिलखताचा मुद्दा पटला. कोनाड्यातून ऐकण्याचा नाही पटला. दुसऱ्या खेपेला पकडले गेलो की आपण त्यांचं बोलणं ऐकत नाही, पावलं मोजतो.

---

कट्ट्यावरचा_नाना

इतकी डोकेफोड करून शेवटी मिळतं काय? पेपरातलं शब्दकोडं फुकटात असतं, भाषाही मराठी असते, आणि त्यात पहारेकरी मागे लागत नाहीत.

---

मोडीची_वाट

नानासाहेब, शब्दकोड्याचंही उत्तर दुसऱ्या दिवशी छापून येतं. म्हणजे तुम्हीही शिक्केवालेच :)

---

कट्ट्यावरचा_नाना

मी उत्तर बघत नाही, ताई. स्वाभिमान आहे.

---

पाणिनीची_शिकवणी

मी शाळेतल्या मुलांना भाषाविज्ञान ऑलिंपियाडची तयारी करून घेतो, त्यामुळे हा धागा म्हणजे आमच्या वर्गाचाच विषय. माहीत नसलेल्यांसाठी: आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००३ पासून होते, पहिली बल्गेरियात झाली, २०१६ ची आपल्याकडे म्हैसूरला. भारताचा संघ पाणिनी भाषाविज्ञान ऑलिंपियाडमधून निवडला जातो. कधी न ऐकलेल्या भाषेतली दहा-पंधरा वाक्यं आणि त्यांचे अर्थ देतात, त्यावरून व्याकरण काढायचं आणि नवी वाक्यं करायची.

मुलांनी 'सेनार'चा फडशा पाडला. पण त्यांची तक्रार वेगळीच निघाली, ती कुणी इथे लिहिली नाही म्हणून लिहितो. त्या पाच भाषांत शब्द बदलतच नाही. खूण म्हणजे खूण. दार म्हणजे दार, मग ते उघडायचं असो, दारातून जायचं असो की दारापाशी बसायचं असो. आपल्याकडे 'दार' चं 'दारा' होतं, मग 'दाराला', 'दारातून', 'दारापाशी'. खऱ्या लिप्या सुटल्या त्या याच बदलांमुळे. क्रीट आणि ग्रीसमध्ये सापडलेल्या लिनियर बी या प्राचीन लिपीचं उदाहरण घ्या. अ‍ॅलिस कोबर या बाईंनी कागदटंचाईच्या दिवसांत मिळेल त्या रद्दी कागदाचे तुकडे कापून त्यांवर खुणांच्या चिठ्ठ्या केल्या, त्या सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवल्या आणि दाखवून दिलं की काही शब्दांची सुरुवात तीच राहते, शेपूट बदलते, म्हणजे या भाषेत विभक्तीसारखं काहीतरी आहे. भाषा कोणती ते ठाऊक नसताना! त्या १९५० मध्ये गेल्या आणि मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये ती ग्रीक असल्याचं दाखवलं. शेपट्यांचा तो पाया नसता तर कठीण होतं.

'सेनार'मध्ये शेपट्या नाहीत, म्हणून शब्द जमवले की भाषा झाली. वाक्यरचना आहे, ती छान आहे, पण ती उलगडावी लागत नाही, सांभाळावी लागते. म्हणूनच अनवट यांना वाचण्याऐवजी चित्र जुळवल्यासारखं वाटलं असावं. दोष वहीचा कमी आणि भाषेच्या आकाराचा जास्त आहे. काही डझन खुणांच्या भाषेत शंका टिकणार तरी किती?

खुणांच्या आत मात्र रचना आहे, ती बघा. एका गटाच्या खुणांत एखादी रेघ सारखी असते, माणसांच्या खुणा ओळखू येतात, जागांच्या ओळखू येतात. माझे विद्यार्थी अर्थ लावण्याआधी खुणांचे गट पाडतात. त्यांना वहीची गरज सगळ्यात कमी लागली.

---

अनवट

हे वाचून थांबलो. गटांकडे मी दुसऱ्या मजल्यानंतर लक्षच दिलं नव्हतं. शेपट्यांचा मुद्दा जबरदस्त आहे, आणि त्याने वही काही निर्दोष ठरत नाही, पण माझ्या तक्रारीचं मूळ खाली सरकलं खरं.

---

सहावी_ब

आई खेळते, मी शेजारी बसून अंदाज सांगते. (खातं आईचं आहे.) आम्हाला मजा येते कारण त्या खुणा आईलाही येत नाहीत आणि मलाही येत नाहीत. बाकीच्या खेळांत सगळं इंग्रजी वाचून आई आधी पुढे जाते. फक्त वहीत शिक्का बसल्यावर इंग्रजी शब्द येतो तो मला विचारावा लागतो. आम्ही कागदाची वेगळी वही केली आहे, त्यात मराठीत लिहितो आणि खुणा मी काढते.

---

मोडीची_वाट

बघा अनवट, शिक्क्याचा इलाज. कागदाची वही.

---

ठोकळेबाज

अवांतर: 'ट्युनिक' कुणी खेळलंय का? २०२२ चा, कोल्हा आणि तलवार. त्यातही अख्खी लिपी आहे, पण न वाचता खेळ संपतो. ती लिपी म्हणजे इंग्रजीचे उच्चार लिहिण्याची पद्धत. प्रत्येक खुणेत आतल्या रेघा व्यंजनाच्या आणि बाहेरच्या कडेच्या रेघा स्वराच्या. म्हणजे सरळ बाराखडी की! खाली बारीक गोल आला तर स्वर आधी आणि व्यंजन नंतर. पाश्चात्त्य मंडळी मोठमोठे तक्ते करत होती, मला पहिल्यांदाच वाटलं की लहानपणी पाटीवर गिरवलेलं कामाला आलं. पुढे मात्र गाडी अडली, कारण ते उच्चार साहेबाच्या इंग्रजीचे आणि माझे सांगलीचे. आपण सरळ 'ए' म्हणतो तिथे तो दोन स्वर घसरत म्हणतो, आणि त्या घसरणीला वेगळी खूण आहे.

---

ऱ्हाईनकाठची

हो! 'फेझ'मध्ये याच्या उलट. २०१२ चा. तिथे इंग्रजीच्या अक्षराला एक खूण, एवढंच. एका खोलीत कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारतोय. टंकलेखनाच्या सरावातलं, सगळी अक्षरं असलेलं ते इंग्रजी वाक्य ज्याला माहीत आहे त्याला किल्ली मिळाली. माझी बहीण मराठी माध्यमातली, तिने कधी इंग्रजी टंकलेखन केलं नाही. तिला नुसता कोल्हा दिसला. अशा कोड्यांत कोडं भाषेचं नसतं, तुम्ही कुठे वाढलात याचं असतं. 'सेनार' या बाबतीत जास्त न्यायी आहे, वरच्या छोटीने म्हटलंच आहे.

---

पाणिनीची_शिकवणी

सहमत. ऑलिंपियाडचाही नियम तोच. पूर्वज्ञानावर सुटेल असा प्रश्न चालत नाही.

अजून एक नाव सुचवतो, '७ डेज टू एन्ड विथ यू', जपानी, २०२२. स्मृती गेलेले तुम्ही, शुश्रूषा करणारी एक बाई, सात दिवस. ती जे बोलते त्यातला एकही शब्द बरोबर की चूक हे खेळ शेवटपर्यंत सांगत नाही. अनवटना हवं ते टोक हेच. वर्गातल्या निम्म्या मुलांना प्रचंड आवडला, निम्मी चिडली. चिडलेल्यांची बाजू मला जास्त पटली. शेवटी आपण समजलो की नुसती कल्पना केली, हे न कळणं फार वेळ सहन होत नाही.

---

अनवट

यादीत टाकला. चिडलोच तर इथे येऊन सांगतो.

---

रेवदंडा_लोकल

एक कामाचा प्रश्न. शेवटाकडे ते जे पडदे येतात, दोन मजल्यांवरची दोन माणसं समोरासमोर आणि मध्ये दुभाषे आपण, तिथे योद्ध्याचं बोलणं कलावंताला सांगताना माझं वाक्य सारखं नाकारलं जातंय. शब्द सगळे बरोबर आहेत. कुणी सांगेल का, पण उत्तर न देता?

---

ठोकळेबाज

क्रम बघ. आणि अनेकवचन. योद्ध्याची अनेकवचनाची खूण जशीच्या तशी त्याच जागी उचलून ठेवू नकोस, कलावंत ते कसं करतात ते त्यांच्या पाट्यांवर बघून ये.

खेळाचा हा भाग धाग्यात कुणी नीट घेतलाच नाही राव. मला तो सगळ्यात आवडला. तोपर्यंत आपण फक्त घेत असतो, ऐकत असतो. इथे पहिल्यांदा बोलावं लागतं, आणि वहीतला शिक्का अजिबात मदतीला येत नाही, कारण अर्थ सगळे ठाऊक असूनही वाक्य पाडता येत नाही.

---

अनवट

@ठोकळेबाज, अगदी. माझी तक्रार उलट इथे वाढते. असे पडदे दुसऱ्या मजल्यापासूनच नीट वापरात आणले असते तर वहीतल्या चित्रांची गरजच उरली नसती. भक्ताचं वाक्य योद्ध्याला सांगून दाखव, जमलं तर तुला भाषा येते. परीक्षा तीच, शिक्का नको. त्यांच्याकडे उत्तम कल्पना होती आणि ती शेवटाकडे, तीही बरीचशी ऐच्छिक करून ठेवली.

---

मोडीची_वाट

यावर मात्र माझी सही घ्या. आमच्याकडे नवीन माणूस मोडी शिकला की नाही ते त्याला वाचायला लावून कळत नाही, अंदाजाने वाचतात बेटे. चार ओळी लिहायला लावल्या की कळतं.

---

रेवदंडा_लोकल

झालं! अनेकवचनच होतं. कलावंतांच्या बागेत पाट्या शोधत पुन्हा पायपीट केली, तो राग वेगळा. आता किमयागारांचे आकडे चालू आहेत, त्यावर कुणी काही फोडू नका.

---

कट्ट्यावरचा_नाना

नातवाने लावून दिलाय. दार उघडलं. पुढे कसं जायचं ते सांगू नका.